रॅपिअर माग: कापड सहापट, पण नफा कुठून आणि किती दिवस?

रॅपिअर, म्हणजे धोट्याशिवाय आडवा धागा नेणारा माग, विकायला येणारा माणूस साध्या, धोट्याच्या मागाच्या मालकाला तीन गोष्टी सांगतो. वेग तिप्पट, कामगार कमी आणि दोन-अडीच वर्षांत पैसे वसूल. पहिल्या दोन खऱ्या आहेत. तिसरी फक्त काही लोकांसाठी आणि काही काळच खरी ठरते. ती कोणासाठी खरी आणि किती काळ, हे यंत्राच्या माहितीपत्रकात नसते आणि बँकेला दिलेल्या प्रकल्प अहवालातही नसते. नफा नेमका कुठून येतो हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर सापडत नाही. कार्ल मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’चा पहिला खंड काढला तेव्हा त्याच्यासमोर हाच प्रश्न होता आणि त्याची बरीच उदाहरणे विणकामातलीच होती. म्हणून या परीक्षणात यंत्राचे भाग आणि त्याचा अर्थशास्त्रीय हिशेब दोन्ही एकत्र पाहिले आहेत.

परीक्षण मधल्या दर्जाच्या रॅपिअरचे आहे: मिनिटाला ३५० पिकांच्या (पीक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक) आसपास चालणारा, सुती ग्रे (प्रक्रिया न केलेले) कापड विणणारा, इलेक्ट्रॉनिक लेट-ऑफ (उभे धागे सोडणारी यंत्रणा) आणि टेक-अप (विणलेले कापड गुंडाळणारी यंत्रणा) असलेला. सहाशेच्या पुढे धावणारे महागडे युरोपीय माग आणि एअरजेट (हवेच्या झोताने धागा नेणारे माग) या परीक्षणात नाहीत. तत्त्व मात्र त्यांनाही लागू पडते.

यंत्र काय करते

साध्या मागावर धोटा आपल्या पोटात आडव्या धाग्याची कांडी घेऊन फणीसमोरून इकडून तिकडे फेकला जातो. एक ग्रॅमही न भरणारा धागा पलीकडे न्यायचा म्हणून कित्येक पट वजनाचा लाकडी धोटा दर पिकाला उडवायचा आणि थांबवायचा. वेग मिनिटाला १२०-१४० च्या वर फारसा जात नाही याचे कारण हेच, आणि शेडमधल्या त्या आवाजाचेही. रॅपिअरमध्ये धोटाच नाही. एका बाजूचा गिव्हर आडवा धागा चिमटीत पकडून मध्यापर्यंत आणतो, दुसऱ्या बाजूचा टेकर तो मध्यावर हातात घेतो आणि पलीकडच्या किनारीपर्यंत ओढून नेतो. धागा थेट सुताच्या कोनवरून (शंकूच्या आकाराच्या गुंडाळीवरून), फीडरमधून येतो. कांडी संपली. कांडी मशीनही संपले, आणि त्यावर बसणाऱ्यांचे, बहुतेक ठिकाणी बायकांचे, कामही संपले. ही शेवटची गोष्ट कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेली नसते.

उत्पादनाचा हिशेब सोपा आहे. मिनिटाच्या पिकांना ६० ने गुणा, कार्यक्षमतेने गुणा, मग इंचातल्या पिकांना ३९.३७ ने गुणून येणाऱ्या आकड्याने भागा. ६० पिकांचे कापड घेऊ. साधा माग १२० वेगाने आणि ८० टक्के कार्यक्षमतेने चालला तर तासाला २.४४ मीटर देतो. रॅपिअर ३५० वेगाने, ८५ टक्क्यांनी चालला तर ७.५६ मीटर. एक कामगार ४ साधे माग पाहतो असे धरले तर त्याच्या हातून तासाला सुमारे १० मीटर निघते. ८ रॅपिअर पाहिले तर सुमारे ६० मीटर. एका मीटरमागे विणकराचा वेळ ६ मिनिटांवरून १ मिनिटावर आला.

मात्र हा १ मिनिट बीमच्या (उभे धागे गुंडाळलेल्या रुळाच्या) दर्जावर उभा आहे आणि इथेच सर्वाधिक खरेदीदार फसतात. तूट, म्हणजे धागा तुटणे, लाख पिकांमागे मोजतात. लाख पिकांना १० तुटी असतील तर ८ रॅपिअरवर तासाला १४ वेळा माग थांबेल. दर वेळी दीड मिनिट धरले तर २१ मिनिटे जातात, कामगाराला ते झेपते. पण साध्या मागासाठी केलेले सायझिंग (उभ्या धाग्यांना खळ लावणे), गाठींचे सूत आणि शेडमध्ये कोरडी हवा असेल तर तूट ३० वर जायला वेळ लागत नाही. मग तासाला ४३ थांबे. प्रत्येकी दीड मिनिट म्हणजे ६४ मिनिटांचे काम, आणि तासात मिनिटे आहेत ६०. त्या कामगाराने कितीही धावपळ केली तरी दोन-तीन माग कायम बंद दिसणारच. मालक तेव्हा कामगाराला बोलतो. दोष बीमचा असतो. हेच ३० तुटींचे बीम ४ साध्या मागांवर चढवले तर तासाला फक्त ७ थांबे येतात, म्हणून तिथे ते खपून जाते. रॅपिअर घेण्याआधी सायझिंगवाला बदलायचा की नाही हे ठरवा. स्प्लाइस केलेले, गाठी नसलेले सूत घ्या. सुतासाठी शेडमध्ये ७० ते ८० टक्के ओलावा टिकेल अशी सोय करा.

बिघाडाच्या जागा ठरलेल्या आहेत. टेप (गिव्हर-टेकरला आतबाहेर नेणाऱ्या पट्ट्या) आणि ग्रिपर (धागा पकडणाऱ्या चिमट्या) झिजतात. झीज वाढली की मध्यावरच्या देवाणघेवाणीत धागा सुटतो आणि अर्धे पीक कापडात राहते. हे दिसले की पहिल्यांदा वेफ्टचा (आडव्या धाग्याचा) ताण वाढवायचा मोह होतो. तो टाळा. आधी ग्रिपरमधली कापसाची भुकटी साफ करा, मग देवाणघेवाणीचे टायमिंग तपासा, मग टेपची झीज, आणि ताणाला सर्वांत शेवटी हात लावा. माग थांबून पुन्हा सुरू झाला की कापडावर आडवा पट्टा उमटतो. तो लेट-ऑफ आणि टेक-अपच्या सेटिंगमुळे येतो आणि ग्रे तपासणीत तो तुकडा सेकंड, म्हणजे दुय्यम दर्जाचा, ठरतो. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात स्टॅबिलायझरशिवाय इलेक्ट्रॉनिक कार्ड टिकत नाहीत, आणि कार्ड गेले तर जॉबरच्या (माग दुरुस्त करणाऱ्याच्या) पान्याने ते दुरुस्त होत नाही. साध्या मागाचा तुटलेला भाग गावातल्या ओतशाळेत दुसऱ्या दिवशी मिळतो. रॅपिअरच्या कार्डाची वाट पाहावी लागते. ८ मागांमागे किमान एक जादा कार्ड आणि टेपचा एक जोड कपाटात असायलाच हवा.

दुसरी गोष्ट किनारीची. धोटा परत फिरतो म्हणून साध्या मागाची किनार आपोआप बंद होते. रॅपिअरवर प्रत्येक पीक दोन्हीकडून कापले जाते, लेनो (कडेचे धागे एकमेकांत पिळून केलेली किनार) बांधावी लागते आणि बाजूची खोटी किनार कापून टाकावी लागते. दर पिकाला ८ सेंटीमीटर धागा वाया जातो असे धरले, तर १६० सेंटीमीटर पन्ह्याला ५ टक्के आडवे सूत गेले. १२२ सेंटीमीटरला साडेसहा टक्के. अरुंद पन्ह्यासाठी रॅपिअर म्हणूनच परवडत नाही. अंगची किनार लागणाऱ्या धोतर-साडीसाठी तर साधा मागच योग्य.

विजेचे एक गणित महाराष्ट्रापुरते. यंत्रमागाच्या वीज सवलतीत २७ अश्वशक्तीची रेघ आहे. साध्या मागाला साधारण १ अश्वशक्तीची मोटर लागते, त्यामुळे २४ मागांचे शेडही रेघेच्या आत राहते. रॅपिअर ८ घेतले तरी रेघ ओलांडण्याची वेळ येते. खरेदीच्या आधी जोडभार मोजून घ्या.

आता नफ्याचा हिशेब

पुढचे रुपयांचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, ते कोणत्याही गावचे भाव नाहीत. आपापले आकडे घालून हाच हिशेब करावा, त्यासाठीच तो मांडला आहे.

विणकराच्या एका तासाने कापडात १०० रुपयांचे नवे मूल्य घातले असे समजू. त्यातले ६० त्याला मजुरी म्हणून मिळतात. उरलेले ४० म्हणजे मार्क्सचे वरकड मूल्य. साध्या मागावर तासाला १० मीटर, म्हणजे मीटरमागे सूत ४०, घसारा व वीज २, मजुरी ६ आणि वरकड ४. कापड ५२ रुपये मीटर.

सूत आणि माग यांना मार्क्स स्थिर भांडवल म्हणतो, कारण ते आपले मूल्य तेवढ्याला तेवढेच कापडात उतरवतात. ४० चे सूत ४० च देते. माग राबताना पूर्ण राबतो, पण कापडाच्या किमतीत फक्त झिजेपुरता उतरतो. ही एक ओळ नीट समजली तर पुढचे सगळे समजते: यंत्र कितीही हुशार असले तरी ते तयार करताना त्यात जेवढा श्रम साठला, त्याच्या पलीकडे मूल्य देत नाही. आपल्या मोलापेक्षा जास्त देऊ शकणारी वस्तू बाजारात एकच, माणसाची श्रमशक्ती. तिला लावलेले पैसे म्हणजे चल भांडवल.

आता गावात पहिला रॅपिअर बसला. त्याच्यावर मीटरमागे सूत ४०, घसारा व वीज ३, वाया जाणारी किनार १, मजुरी १. एकूण खर्च ४५. बाजारात भाव मात्र अजून ५२ च आहे, कारण बाकी सगळे साध्या मागावर विणतात. मीटरमागे ७ रुपये सुटतात. तासाला ६० मीटर, म्हणजे ४२० रुपये. साध्या मागाच्या मालकाला तासाला ४० मिळत होते.

वर्षाचे पाहू. दोन पाळ्या, २४ तास, ३०० दिवस. ४ साध्या मागांमागे शेड आणि कांडी मशीन धरून ८ लाख गुंतले असतील तर वर्षाला २ लाख ८८ हजार, म्हणजे ३६ टक्के. ८ रॅपिअरमागे ६४ लाख गुंतले असतील तर ३० लाख २४ हजार, म्हणजे ४७ टक्के. सव्वादोन वर्षांच्या आत पैसे वसूल. विक्रेता जे सांगतो ते हेच, आणि इथपर्यंत तो खोटे बोलत नाही.

पण त्या ७ रुपयांची फोड करा. रॅपिअरवरच्या कामगाराचा स्वतःचा वरकड श्रम मीटरमागे ६७ पैसे आहे. उरलेले ६ रुपये ३३ पैसे हे जुन्या आणि नव्या पद्धतीतले अंतर आहे. मार्क्स त्याला जादा वरकड मूल्य म्हणतो. ते नव्याच श्रमातून निर्माण होते की बाजारभावामार्गे इतरांकडून सरकत येते, यावर मार्क्सवाद्यांतच वाद आहे. पहिल्या खंडात तो असा अधिक उत्पादक श्रम तीव्र श्रमासारखा मोजतो, तिसऱ्या खंडातली बाजारमूल्याची मांडणी दुसऱ्या वाचनाला जागा देते. खरेदी करणाऱ्यासाठी निष्कर्ष मात्र एकच आहे. हे अंतर यंत्रात नाही. ते शेजाऱ्याच्या शेडमध्ये अजून जुना माग चालू आहे, यात आहे.

शेजाऱ्यानेही रॅपिअर घेतला की भाव खाली येऊ लागतो. ४८.५० ला आला की रॅपिअरवाल्याचा वर्षाचा नफा निम्मा होतो आणि वसुलीची मुदत चार वर्षांच्या पुढे जाते. ४८ वर साध्या मागवाल्याचा नफा शून्य. सगळीकडे रॅपिअर झाले आणि कापड निव्वळ मूल्यानेच विकले गेले, तर किंमत ४५.६७. कामगाराच्या एका तासातून मिळणारे वरकड पुन्हा ४० रुपयेच. कापड सहापट निघाले, पण त्या तासाचे वरकड जिथे होते तिथेच राहिले. फरक एवढाच की ते ४० मिळवायला पूर्वी ८ लाख गुंतत होते, आता ६४ लाख. ३६ टक्क्यांचे साडेचार टक्के झाले. नफ्याचा दर घसरण्याकडे कल असतो, हे मार्क्सचे म्हणणे याच भागाकारातून निघते: वर जिवंत श्रम, खाली साठलेला मृत श्रम, आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर खालचा आकडा फुगत जातो.

प्रत्यक्षात साडेचार टक्क्यांवर कोणी धंदा करत बसत नाही. भांडवल निघून जाते, माल कमी होतो, भाव सावरतो. इतर धंद्यांतला सरासरी नफा १५ टक्के धरला तर ६४ लाखांना ९ लाख ६० हजार लागतात, मीटरमागे २ रुपये २२ पैसे. म्हणजे भाव ४७.२२ च्या आसपास स्थिरावेल. मूल्य ४५.६७ आणि किंमत ४७.२२ यांच्यातला १ रुपया ५५ पैशांचा फरक या शेडमधल्या कामगाराने निर्माण केलेला नाही. मार्क्सच्या तिसऱ्या खंडातल्या मांडणीप्रमाणे तो जास्त माणसे आणि कमी यंत्रे असलेल्या धंद्यांतून किमतींमार्गे इकडे येतो. कापडाच्या साखळीत असे धंदे शोधायला लांब जावे लागत नाही: कापूस वेचणी, शिलाई, हाताने होणारी पॅकिंग. संपूर्ण स्वयंचलित, माणूसच नसलेल्या एखाद्या कारखान्याला नफा कसा होतो, याचेही मार्क्सवादी उत्तर हेच. एका कारखान्यात माणूस नसला तरी चालते, कारण त्याचा वाटा समाजातल्या एकूण वरकडातून येतो. सगळेच कारखाने तसे झाले तर वाटण्यासारखे काही उरत नाही.

या मांडणीला गंभीर आक्षेप आहेत आणि ते लपवणे बरोबर नाही. रशियन अर्थतज्ज्ञ व्लादिमीर दिमित्रिएव्हने १८९८ मध्येच दाखवले की यंत्रेच यंत्रे बनवतात अशा काल्पनिक अर्थव्यवस्थेतही गणिताने नफ्याचा दर धन निघू शकतो. जपानच्या नोबुओ ओकिशिओने १९६१ मध्ये सिद्ध केले की खरी मजुरी तीच राहिली आणि मालकाने चालू भावाने खर्च कमी करणारीच पद्धत निवडली, तर समतोलात सरासरी नफ्याचा दर घटत नाही, वाढतो. त्यावर उत्तर देणारे म्हणतात की यंत्र कालच्या भावाने घेतलेले असते आणि कापड उद्याच्या भावाने विकायचे असते. समतोलाचे गणित हा काळच पुसून टाकते. रॅपिअरच्या हप्त्यात अडकलेल्या कारखानदाराचे दुखणे नेमके तेच आहे, म्हणून या परीक्षणाचे माप या उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला झुकते. बँक हप्ता मोजते तो खरेदीच्या दिवशीच्या किमतीवर.

स्वतः मार्क्सनेही घसरणीला रोखणारी कारणे सांगितली आहेत आणि ती शेडमध्ये रोज दिसतात. यंत्र स्वस्त होते. सूत स्वस्त झाले तरी दर सावरतो. पाळी लांबते. एका कामगाराकडे ६ ऐवजी ८, ८ ऐवजी १० माग येतात. इंग्लंडमध्ये १८४७ चा दहा तासांचा कायदा झाल्यावर मालकांनी यंत्रांचा वेग आणि माणशी मागांची संख्या वाढवली, हे मार्क्सने कारखाना निरीक्षकांच्या अहवालांतून नोंदवले आहे. रॅपिअरवर वजन उचलायचे काम कमी झाले, पण लक्ष एक क्षणही हटवता येत नाही. कांडी बदलताना मिळणारी ठरलेली लय गेली आणि १२ तासांची पाळी तशीच राहिली. कामगाराच्या बाजूने हा या यंत्राचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो यंत्राच्या रचनेतला नसून ते चालवण्याच्या पद्धतीतला आहे. ६ पट कापड देणाऱ्या माणसाची पाळी ८ तासांची करूनही पहिली काही वर्षे भरपूर नफा उरतो. वरचाच हिशेब घ्या: रोजची मजुरी तीच ठेवायला तासाची मजुरी ६० ऐवजी ९० केली तर मीटरमागे फक्त ५० पैसे वाढतात, ७ चे साडेसहा होतात. तीन पाळ्या लावणाऱ्याला कामगारही टिकतो आणि तूटही कमी लागते, कारण दहाव्या-अकराव्या तासाला धाग्याची गाठ चुकण्याचे प्रमाण वाढते.

साधा माग अजून का मेला नाही

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. त्याच घडणीचे माग आज तिथे, भिवंडीत आणि मालेगावात हजारोंनी चालू आहेत. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले मागही अशाच शेडमध्ये आले. याला मागासलेपण म्हणून सोडून देणे सोपे आहे. हिशेब वेगळे सांगतो.

एक, यंत्राने वाचणारा श्रम किती हे भांडवलदार पाहत नाही. तो वाचणारी मजुरी पाहतो. मजुरी जितकी कमी, तितके यंत्र महाग वाटते. मार्क्सने दगड फोडण्याच्या यंत्राचे उदाहरण दिले आहे: ते अमेरिकेत निघाले, पण इंग्लंडमध्ये वापरले जात नव्हते, कारण तिथे ते काम करणाऱ्याला त्याच्या श्रमाचा फारच थोडा भाग मिळत होता. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून येणारा कामगार कमी दराने मिळत राहिला तोवर रॅपिअरचे गणित बसत नव्हते.

दोन, जुन्या मागाचा घसारा केव्हाच संपलेला असतो. तो आता जवळजवळ फुकट राबतो. आपल्या हिशेबात सूत ४०, मजुरी ६ आणि फक्त वीज सव्वा, म्हणजे ४७.२५. रॅपिअरचा स्थिर भाव आला होता ४७.२२. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की जुना मागवाला नफा न घेता, नुसता तग धरून बरीच वर्षे राहू शकतो. तो स्वतः आणि घरची माणसे मागावर उभी राहिली, स्वतःची मजुरी धरली नाही, तर आणखी खालीही. रॅपिअर घेणाऱ्याने हे गृहीत धरावे: शेजारचा जुना माग लवकर बंद होणार नाही आणि तो भाव वर जाऊ देणार नाही.

कोणी घ्यावा

स्वतःचे सूत घेऊन स्वतःचे कापड विकणाऱ्याला अंतराचा फायदा स्वतःच्या हातात मिळतो. खर्चीवाल्याचे तसे नाही. त्याला व्यापाऱ्याकडून बीम आणि सूत मिळते आणि मजुरी पिकावर, पैशांत ठरते. ६० पिकांचे कापड १० पैसे पिकाने म्हणजे मीटरला ६ रुपये. गावात रॅपिअर वाढले की व्यापारी पिकाचा दर उतरवतो आणि यंत्राने मिळालेला फरक त्याच्या खिशात जातो. हप्ता मात्र खर्चीवाल्याच्या नावावर राहतो. किमान दोन वर्षांचा लेखी दर आणि चांगल्या बीमची हमी मिळत नसेल तर खर्चीवाल्याने कर्ज काढून रॅपिअर घेऊ नये. हा सल्ला कठोर वाटेल, पण ६४ लाखांच्या बाबतीत गोड बोलून कोणाचे भले होत नाही.

वसुलीचा हिशेब करताना आजचा भाव धरू नका. गावात गेल्या वर्षी किती रॅपिअर बसले, किती शेड बांधून तयार आहेत, किती जणांचे कर्ज मंजूर झाले, याची चौकशी करा. मग पहिल्या वर्षी आजचा नफा, दुसऱ्या वर्षी त्याचा पाऊण, तिसऱ्यापासून निम्मा आणि पाचव्यापासून एक तृतीयांश असे धरून पाहा. ३० लाखांपासून सुरुवात केली तरी तीन वर्षांत ३०, साडेबावीस आणि १५ मिळून साडेसदुसष्ट लाख होतात. त्यातून व्याज गेले की वसुली चौथ्या वर्षावर जाते. या पद्धतीने पाच वर्षांत सुटत असेल तरच सही करा.

सरकारी सवलतीचाही असाच विचार करा. १ एप्रिल १९९९ ला सुरू झालेल्या तंत्रज्ञान सुधारणा निधी योजनेत व्याजाच्या दरातले ५ टक्के परत मिळत. तिची २०१६ ची सुधारित आवृत्ती मार्च २०२२ मध्ये संपली. सवलत सगळ्यांना एकाच वेळी मिळते, म्हणून सगळे एकाच वेळी यंत्र घेतात आणि अंतर मिटण्याची गती वाढते. सवलत आहे हे यंत्र घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

जुने आयात केलेले युरोपीय रॅपिअर स्वस्तात मिळतात आणि त्यांची बांधणी भक्कम असते. पण मार्क्स ज्याला यंत्राची नैतिक झीज म्हणतो ती तिथे आधीच झालेली असते: यंत्र झिजलेले नाही, पण त्याच्यापेक्षा स्वस्त किंवा चांगले निघाल्यामुळे त्याचे मोल उतरले. विकणारा त्याच कारणाने विकतो आहे. सुटे भाग आणि कार्ड मिळण्याची खात्री असेल तर मर्यादित भांडवलाच्या माणसाला हा पर्याय बरा, कारण उतरायचे ते मोल बरेचसे पहिल्या मालकाच्या पदरात उतरून गेलेले असते. नव्या यंत्राला मात्र ही झीज पहिल्या दिवसापासून लागते. म्हणूनच मालकाला रॅपिअर रात्रीही बंद ठेववत नाही. यंत्र उभे राहिले तरी त्याचे वय वाढतच असते.

मधला मार्गही आहे. साध्या मागावर वार्प स्टॉप (उभा धागा तुटला की माग थांबवणारे), वेफ्ट स्टॉप (आडव्या धाग्यासाठी तेच) आणि सेमी-पॉझिटिव्ह (अर्धस्वयंचलित) लेट-ऑफ बसवायचे. वेग फारसा वाढत नाही, पण धागा तुटला की माग आपणहून थांबतो, सेकंड माल कमी होतो आणि एक कामगार ४ ऐवजी ६ माग सावकाश पाहू शकतो. ६ मागांवर तासाला सुमारे १५ मीटर, म्हणजे मजुरी मीटरला ६ वरून ४. गुंतवणूक रॅपिअरच्या तुलनेत अगदी थोडी. जादा वरकडही थोडेच, पण हप्ता नाही. ५२ इंच पन्ह्याच्या आतले, किनारीचे कापड करणाऱ्यांनी रॅपिअरच्या आधी हे करून पाहावे.

१६० सेंटीमीटरच्या वरचा पन्हा, ठरलेला खरेदीदार, स्वतःचे किंवा हाताखालचे सायझिंग, आणि तीन पाळ्यांसाठी चांगली मजुरी देण्याची तयारी: या चार गोष्टी असतील तर हा माग आजही घेण्यासारखा आहे. त्यातली सायझिंगची, म्हणजे चांगल्या बीमची, नसेल तर बाकीच्या तीन असूनही घेऊ नका.